एक लाख वेळा पुसता येणारी डिस्क

२००५-०६च्या सुमारास जोडून घेतलेला एखादा असेंबल्ड पीसी अजून माळ्यावर पडून असेल, तर त्याच्या डीव्हीडी रायटरच्या ट्रेवर छापलेली चिन्हं वाचून बघा. सीडीचं चिन्ह असेल, डीव्हीडी-आर आणि आरडब्ल्यूची असतील. ड्राइव्ह एलजीच्या ‘सुपर मल्टी’ जातीचा असेल, तर त्याच ओळीत ‘रॅम’ असंही लिहिलेलं सापडेल. त्या काळात घरोघरी गाणी, सिनेमे, लग्नाच्या डीव्हीडी बर्न झाल्या. पण या शेवटच्या चिन्हाची डिस्क बहुतेकांनी कधी हातात घेतली नाही.

ती डिस्क म्हणजे डीव्हीडी-रॅम. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडींमध्ये ती सगळ्यांत आधी बाजारात आली. आपल्या पिढीतल्या इतर डिस्कांपेक्षा ती कितीतरी पट जास्त वेळा लिहिता येत होती, आणि लिहिलेलं नीट उमटलं की नाही हे तपासूनच पुढे जायची सोय तिच्यात होती. तरीही ती मागे पडली. हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण साठवलेल्या माहितीचं आयुष्य कशावर ठरतं हे त्यातून फार स्पष्ट कळतं. ते डिस्कच्या टिकाऊपणावर कमी आणि ती वाचणारी यंत्रं किती आहेत यावर जास्त ठरतं.

कॉलेज न शिकलेला संशोधक

या डिस्कची मुळं जपानी कारखान्यात नाहीत, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आहेत. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की यांचा जन्म १९२२ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथला. कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस आधी यंत्रशाळेत हत्यारं घडवायचा. पुढे स्वतःच्या अभ्यासावर तो पदार्थविज्ञानात शिरला आणि १९६० साली पत्नी आयरिस यांच्यासोबत डेट्रॉइटमध्ये त्यानं स्वतःची प्रयोगशाळा उघडली.

त्या काळी अर्धवाहकांचं सगळं शास्त्र स्फटिकांभोवती फिरत होतं. अणूंची रचना जितकी शिस्तीत, तितका पदार्थ उपयोगाचा, असा समज होता. ओव्हशिन्स्की काचेसारख्या अस्ताव्यस्त रचनेच्या पदार्थांमागे लागले. टेल्युरियमसारखी मूलद्रव्यं असलेल्या काही मिश्रणांमध्ये विजेच्या झटक्यानं अवस्था बदलते आणि ती पुन्हा पहिल्यासारखीही करता येते, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा यावरचा शोधनिबंध १९६८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. १९७१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हाच बदल लेझरच्या प्रकाशानंही घडवता येतो हे मांडलं. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कची कल्पना तिथेच जन्माला आली.

पण कल्पनेपासून वस्तूपर्यंतचं अंतर मोठं होतं. सुरुवातीची मिश्रणं स्फटिकरूपात यायला वेळ लावत, आणि वारंवार वितळवली की त्यांतले घटक वेगळे होऊ लागत. ही अडचण सोडवली मात्सुशिता, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमधले संशोधक नोबोरू यामादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम ठरावीक प्रमाणात मिसळले, तर तो पदार्थ शंभर नॅनोसेकंदांच्या आत स्फटिकरूप घेतो, हे त्यांनी १९८७ साली जाहीर केलं. अणूंना आपल्या जागेवरून फार लांब सरकावं लागत नाही, म्हणून हा वेग साधतो.

वितळवणं आणि जमवणं

लेझरनं ‘लिहिणं’ म्हणजे नेमकं काय, हे समजायला साखरेचा पाक उपयोगी पडतो. पाक झटकन थंड केला, तर चिक्कीवर असतो तसा काचेसारखा थर जमतो. त्यात साखरेच्या कणांना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. तोच पाक सावकाश निवू दिला, तर खडीसाखरेचे स्फटिक धरतात. साखर तीच, निवण्याचा वेग वेगळा, म्हणून रूप वेगळं.

डीव्हीडी-रॅमच्या आत या मिश्रणाचा जो थर असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या काही लाखांश भागाइतकीच असते. त्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक थर आणि मागे अ‍ॅल्युमिनियमचा परावर्तक थर. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या लेझरचा जोरदार झोत एका बिंदूवर क्षणभर पडला, की तो बिंदू सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापून वितळतो. झोत हटताच आजूबाजूचे थर उष्णता ओढून घेतात आणि बिंदू झटक्यात थिजतो. तिथले अणू विस्कळीतच राहतात, आणि त्या जागेवरून प्रकाश कमी परावर्तित होतो.

हीच जागा मध्यम शक्तीच्या झोतानं वितळणार नाही इतपत तापवली, तर अणू रांगेत बसतात, स्फटिक धरतो आणि परावर्तन वाढतं. अगदी मंद झोतानं काहीच बदलत नाही, नुसता परतणारा प्रकाश मोजता येतो. म्हणजे एकाच लेझरच्या तीन शक्ती: एक वितळवणारी, एक जमवणारी आणि एक वाचणारी. नवं लिहिताना जुनं आधी पुसून घ्यावं लागत नाही. लेझर पुढे सरकत असताना त्याची शक्ती वरखाली होते आणि जुन्याच्या जागी नवं उमटतं.

सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यूसुद्धा याच तत्त्वावर चालतात. पण त्या डिस्क साधारण १ हजार वेळा लिहिता येतात असं सांगितलं जाई, तर डीव्हीडी-रॅमसाठी उत्पादक १ लाख वेळांचा दावा करत.

डिस्कच्या अंगावरची नक्षी

डीव्हीडी-रॅम ओळखायला पाकीट वाचायची गरज नाही. डिस्क उजेडात तिरकी धरली, की तिच्या पृष्ठभागावर बारीक चौकोनी खुणांच्या ओळी दिसतात. त्या मध्यापासून कडेकडे जातात आणि मध्येमध्ये तुटून थोड्या सरकलेल्या असतात. दुसऱ्या कुठल्याही डीव्हीडीवर ही नक्षी नसते.

त्या खुणा म्हणजे पत्ते. डिस्कवरची माहिती प्रत्येकी २,०४८ बाइट्सच्या सेक्टरमध्ये ठेवली जाते, आणि प्रत्येक सेक्टरचा पत्ता कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. नुसत्या डोळ्यांना दिसतात ते या पत्त्यांचे पुंजके. त्यामुळे ड्राइव्हला मधली कुठलीही एक जागा थेट गाठून तिथेच लिहिता येतं. ओळी तुटलेल्या दिसतात, कारण डिस्क वर्तुळाकार पट्ट्यांमध्ये विभागलेली असते. पहिल्या आवृत्तीत असे २४ पट्टे होते, दुसऱ्या आवृत्तीत ३५. एका पट्ट्यात डिस्क एकाच गतीनं फिरते, त्यामुळे पट्ट्यातल्या पट्ट्यात उडी मारताना मोटरचा वेग बदलण्यात वेळ जात नाही.

आणखी एक युक्ती खाचेत होती. इतर रेकॉर्डेबल डीव्हीडींमध्ये माहिती खाचेत लिहितात आणि दोन खाचांमधला उंचवटा मोकळा राहतो. डीव्हीडी-रॅममध्ये खाच आणि उंचवटा दोन्हींवर लिहितात. शेजारचे दोन माग एकमेकांच्या वाचनात ढवळाढवळ करू नयेत, म्हणून खाचेची खोली फार काटेकोर ठेवावी लागे.

यावर दोष सांभाळण्याची व्यवस्था होती. डिस्कवर राखीव जागा ठेवलेली असे. ड्राइव्ह लिहिल्यावर लगेच तेच परत वाचून पाही, आणि एखादा सेक्टर खराब निघाला, तर त्यातली माहिती राखीव जागेत हलवून तशी नोंद करी. वापरणाऱ्याला हे कळतही नसे. त्याच्या दृष्टीनं ही डिस्क हार्ड डिस्कसारखीच चाले. फाइल ओढून टाका, नको ती काढा, दुरुस्त करून पुन्हा तिथेच सेव्ह करा. बर्न करायचं वेगळं सॉफ्टवेअर लागत नसे आणि शेवटी डिस्क ‘फायनलाइझ’ करायची भानगडही नसे.

या गुणाचा सर्वांत सुंदर उपयोग पॅनासॉनिकच्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये झाला. टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड होत असतानाच तोच कार्यक्रम सुरुवातीपासून बघता येई. यंत्र थोडं लिही, उडी मारून थोडं वाची, पुन्हा परत येऊन लिही, आणि मधला वेळ स्मृतीतल्या साठ्यावर निभावून नेई. व्हिडिओ कॅसेट वापरलेल्या माणसाला ही सोय थक्क करणारी होती.

पहिली आली, पण अर्धीच भरली

मात्सुशितानं १९९५ साली ‘पीडी’ नावाची डिस्क आणली होती. ६५० मेगाबाइटची, कायमची प्लॅस्टिकच्या डबीत बंद असलेली, फेज-चेंज म्हणजे याच अवस्था बदलण्याच्या पद्धतीची. डीव्हीडीचं युग सुरू झाल्यावर हाच अनुभव नव्या डिस्कसाठी कामी आला. पहिले डीव्हीडी प्लेअर १९९६च्या नोव्हेंबरमध्ये जपानमध्ये विकायला आले. त्यानंतर काही महिन्यांतच डीव्हीडी-रॅमचं मानक ठरलं आणि १९९८ साली ड्राइव्ह बाजारात आले. पॅनासॉनिक, हिताची आणि तोशिबा हे तिचे मुख्य पाठीराखे.

तेव्हा स्पर्धा जवळजवळ नव्हतीच. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरचा पायोनियरचा पहिला रायटर १९९७ साली सुमारे १७ हजार डॉलरला होता, म्हणजे तो फक्त स्टुडिओंसाठी. डीव्हीडी-रॅमचे ड्राइव्ह काहीशे डॉलरमध्ये मिळू लागले. अ‍ॅपलनंही १९९९च्या पॉवर मॅक जी४च्या काही मॉडेलांत हा ड्राइव्ह दिला.

पण दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून आडव्या येत होत्या. पहिली, क्षमता. सिनेमाच्या छापील डीव्हीडीत एका थरावर ४.७ गिगाबाइट बसत, तर डीव्हीडी-रॅमच्या एका बाजूवर फक्त २.६. दुसरी, डबी. धूळ आणि बोटांचे ठसे लागू नयेत म्हणून डिस्क कार्ट्रिजमध्ये बसवलेली असे. काही प्रकारांत ती बाहेर काढताच येत नसे. काढता येणाऱ्या प्रकारात आधी एक छोटी प्लॅस्टिकची कळ मोडावी लागे, आणि मोडलेली कळ पाहून ‘ही डिस्क एकदा उघडली गेली आहे’ हे ड्राइव्हला कळे. माहिती जपण्यासाठी याहून चांगली काळजी काय घेणार! पण घरातल्या डीव्हीडी प्लेअरच्या ट्रेमध्ये ही डबी बसतच नव्हती.

डबीतून काढली तरी प्रश्न सुटत नव्हता. तिच्यावरून परतणारा प्रकाश छापील डीव्हीडीपेक्षा बराच कमी, पत्ते वेगळ्या पद्धतीनं कोरलेले, माहिती खाच आणि उंचवटा दोन्हींवर. साध्या प्लेअरला त्यातलं काही समजत नसे. ज्या रचनेमुळे ती लिहिण्यासाठी उत्तम ठरली, त्याच रचनेमुळे बाकीच्या यंत्रांना ती अनोळखी राहिली.

तीन तट

१९९७च्या ऑगस्टमध्ये सोनी, फिलिप्स आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी वेगळी चूल मांडली. आपली पुनर्लेखनाची डिस्क ३ गिगाबाइटची असेल, तिला डबी लागणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. यातूनच पुढे डीव्हीडी+आरडब्ल्यू आली. तिकडे पायोनियरनं १९९९च्या अखेरीस डीव्हीडी-आरडब्ल्यू जपानमध्ये आणली. नावं सारखी, आकार सारखा, पण एकाची डिस्क दुसऱ्याच्या यंत्रात चालेलच याची खात्री नाही. गिऱ्हाईक गोंधळलं आणि थांबून राहिलं.

डीव्हीडी-रॅमनं आपली उणीव भरून काढली. १९९९ साली मंजूर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत एका बाजूची क्षमता ४.७ गिगाबाइट झाली, दोन बाजूंच्या डिस्कची ९.४. आठ सेंटिमीटर व्यासाची १.४ गिगाबाइटची छोटी डिस्कही आली आणि हिताचीनं २००० साली तिच्यावर चित्रण करणारा कॅमकॉर्डर काढला. पुढे डबी नसलेल्या डिस्कही विकल्या जाऊ लागल्या.

मात्र तोपर्यंत लोकांची गरज वेगळ्याच दिशेला गेली होती. २००१च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्डमध्ये नवा पॉवर मॅक जी४ दाखवला. त्यात पायोनियरनं बनवलेला ड्राइव्ह होता, डीव्हीडी-आर लिहिणारा. सोबत आयडीव्हीडी नावाचं सॉफ्टवेअर होतं. घरच्या चित्रणाची डीव्हीडी करा, ती कुणालाही द्या, आणि त्याच्या घरच्या साध्या प्लेअरवर ती चालेल, हे त्यांचं सांगणं होतं. डीव्हीडी-आर एकदाच लिहिता येते, चूक झाली तर डिस्क वाया जाते. पण ती जवळपास सगळीकडे वाचली जाते, आणि लोकांना तेच हवं होतं.

आपल्याकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी हीच निवड केली. नवरा-नवरीच्या घरी कुठल्या कंपनीचा प्लेअर आहे, हे व्हिडिओवाल्याला माहीत नसतं. त्याला अशी डिस्क द्यायची असते, जी मामाच्या गावीही लागेल आणि अमेरिकेतल्या काकाकडेही. एकदा दिलेली डिस्क पुन्हा पुसायची कुणाला गरजच नव्हती. शिवाय डीव्हीडी-आर झपाट्यानं स्वस्त होत गेली. भारतात नोएडाची मोझर बेअर कंपनी तेव्हा रेकॉर्डेबल डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी होती, आणि शंभराच्या थप्पीत येणाऱ्या डिस्क गल्लीतल्या दुकानात सुट्या मिळत.

वेगातही डीव्हीडी-रॅम मागे राहिली. दुप्पट वेगाच्या ड्राइव्हवर ४.७ गिगाबाइट भरायला साधारण अर्धा तास लागे, आणि लिहून परत तपासण्याची पद्धत धरली तर तासाच्या घरात. सोळापट वेगाचा डीव्हीडी-आर रायटर तेच काम पाच-सहा मिनिटांत उरकी. ती तपासणी माहितीच्या भल्याचीच होती, पण वाट बघणाऱ्याला दिसत होता तो फक्त वेळ.

२००३च्या सुमारास सगळ्या प्रकारच्या डिस्क हाताळणारे ‘सुपर मल्टी’ ड्राइव्ह आले, आणि रॅमचं चिन्ह भारतातल्या लाखो पीसींपर्यंत पोचलं. वाचणारी यंत्रं अखेर मिळाली होती, पण तेव्हा पुनर्लेखनाचं काम दुसऱ्याच वस्तूनं उचललं होतं. २००० साली ८ मेगाबाइटपासून सुरू झालेले पेन ड्राइव्ह काही वर्षांत गिगाबाइटमध्ये गेले. खिशात मावणारे, कुठल्याही यूएसबी पोर्टला लागणारे, ड्राइव्हची गरज नसलेले. फाइल ओढून टाका आणि पुसा, ही डीव्हीडी-रॅमची खास सोय पेन ड्राइव्हनं प्रत्येक कॉम्प्युटरवर देऊन टाकली.

जपानमध्ये जरा जास्त काळ

जपानमध्ये ही डिस्क त्यानंतरही टिकून राहिली, त्यामागे तिथलं एक खास कारण होतं. एप्रिल २००४ पासून तिथल्या डिजिटल टीव्ही प्रक्षेपणावर ‘एकदाच नोंद’ असं बंधन आलं. असा कार्यक्रम साध्या डीव्हीडी-आरवर घेता येत नसे. त्यासाठी संरक्षणाची ठरावीक व्यवस्था असलेली डिस्क लागे, आणि डीव्हीडी-रॅममध्ये ती होती. पॅनासॉनिकचे रेकॉर्डर तिथल्या घरांत रुळलेले होते, त्यामुळे कार्यक्रम घ्यायचा, बघायचा आणि पुसायचा हा रिवाज काही वर्षं चालला. मग ते काम रेकॉर्डरमधल्या हार्ड डिस्कनं घेतलं, आणि साठवण्याचं ब्लू-रेनं.

पुनर्लेखनाची ब्लू-रे डिस्क २००३ साली जपानमध्ये आली तेव्हा तीही डबीत होती. पण पृष्ठभागावर ओरखडे न पडू देणारा कठीण लेप तयार होताच डबी काढून टाकण्यात आली. डीव्हीडी-रॅमच्या अनुभवानंतर तसं करणं शहाणपणाचंच होतं. मात्र लिहिण्याच्या डिस्कचा काळच सरत आला होता. पॅनासॉनिकनं फेब्रुवारी २०२३ मध्ये लिहिण्याच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं आणि सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये.

पदार्थ मात्र पुढे गेला

ओव्हशिन्स्की २०१२ साली वारले. त्यांचा पदार्थ त्यानंतरही प्रयोगशाळांमध्ये आणि कारखान्यांमध्ये कामाला लागलेला आहे. स्फटिक आणि विस्कळीत या दोन अवस्थांमध्ये जसा परावर्तनाचा फरक असतो, तसा विजेच्या रोधातही मोठा फरक असतो. म्हणून लेझरऐवजी विजेच्या झटक्यानं लिहिणारी चिप करता येते. इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ साली जाहीर केलेल्या थ्रीडी क्रॉसपॉइंट स्मृतीतही याच कुळातला पदार्थ होता. इंटेलनं २०२२ साली तो धंदा गुंडाळायचं ठरवलं. पण एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स मोटारींसाठीच्या काही चिपमध्ये फेज-चेंज स्मृती वापरते. डिस्क गेली तरी तिच्यामागचं पदार्थविज्ञान वाया गेलेलं नाही.

कुणाकडे अशी डिस्क असेल तर

उत्पादक डीव्हीडी-रॅमचं आयुष्य किमान ३० वर्षं सांगत. तो हिशेब खरा धरला, तर २००३ साली लिहिलेली डिस्क आजही शाबूत असायला हवी. ती वाचणारा चालू ड्राइव्ह मिळणं मात्र दर वर्षी कठीण होत जाणार आहे. परदेशातून आणलेल्या कॅमकॉर्डरमध्ये मुलांचं बालपण टिपलेल्या घरांनी हे काम पुढे ढकलू नये.

डबी असेल, तर तिच्यावरची कळ आधी लिहिणं अडवलं जाईल अशी सरकवावी. जुना सुपर मल्टी ड्राइव्ह शोधावा, किंवा यूएसबीनं जोडायचा ड्राइव्ह घेताना त्याच्या माहितीत डीव्हीडी-रॅमचा उल्लेख आहे ना, हे बघावं. आठ सेंटिमीटरची डिस्क ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच लावावी, फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकते. कॉम्प्युटरनं डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं, तर नाही म्हणावं. रेकॉर्डरवर किंवा कॅमकॉर्डरवर चित्रण केलेलं असेल, तर ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात ‘व्हीआर_मूव्ही.व्हीआरओ’ ही एक मोठी फाइल. सगळं चित्रण त्या एकाच फाइलमध्ये असतं. अख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं, मग ती फाइल व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये उघडून बघावी. डिस्क दोन बाजूंची असेल, तर उलटून दुसरी बाजूही वाचावी.

मग त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्या, आणि पाच-सात वर्षांनी त्या काळात जे साधन सर्रास चालत असेल त्याच्यावर पुन्हा उतरवून घ्याव्या. डिस्क बनवणाऱ्यांनी लिहिलेलं टिकावं म्हणून करता येईल तेवढं केलं होतं. ते वाचत राहण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.